ग्रेव्हीवरची साय

ट्विला हारगिसच्या पार्लरमध्ये दोनच खुर्च्या आहेत आणि केस वाळवायची एक टोपी. घराच्या गॅरेजला तिच्या नवऱ्याने, रॉइसने, खिडकी पाडून दिली आणि पाण्याचा नळ आत आणला तेव्हा केड तिच्या पोटात होता. त्याआधीची दोन बाळं राहिली नव्हती. डॉक्टरांनी बसून राहा म्हणून सांगितलं होतं. ट्विला बसली ती स्टुलावर, आणि बसल्या बसल्या बायकांचे केस कापू लागली.

लॅसिटर या आमच्या गावातल्या साठीपुढच्या एकूण एक बायकांची डोकी तिच्या हाताखालून जातात. दर आठवड्याला धुवायचं, रोलर लावायचे, टोपीखाली बसायचं, वर फवारा मारून घ्यायचा, की पुढच्या आठवड्यापर्यंत टेक्सासचा वारासुद्धा केसाला हात लावत नाही. पण आम्ही नुसत्या केसांसाठी जात नव्हतो. ट्विलाला नकला यायच्या. बँकेचा मॅनेजर कर्ज नाकारताना चष्मा कसा पुसतो, शेरीफ गाडीतून उतरल्यावर आधी पोट आणि मग स्वतः कसा चालतो, आमचे पाद्री ब्रदर डॉयल ‘पाप’ म्हणण्याआधी केवढा श्वास घेतात, हे सगळं ती हातात कंगवा धरून करून दाखवायची. डोक्यात रोलर असले की हसता येत नाही, आणि हसता येत नाही म्हणून जास्तच हसू येतं. ती दुष्टपणे करायची असं मात्र कुणी म्हणणार नाही. ज्याची नक्कल केली तोही पुढच्या आठवड्यात हसत तिच्याकडे येई.

एकच नक्कल ती पार्लरमध्ये कधी करत नसे. मिस ओलीटाची. ती फक्त घरात, स्वयंपाकघरात, रॉइस आणि केडसमोर.

मिस ओलीटा बायनम ट्विलाच्या मागच्या गल्लीत राहते. नवरा कापसाच्या जिनमध्ये फोरमन होता, तो जाऊन पुष्कळ वर्षं झाली. मूलबाळ नाही. ट्विला पार्लरमध्ये उभी असायची तेव्हा केडला मिस ओलीटाने सांभाळलं. दात येताना त्याने जे लाकडी चमचे चावले ते तिच्या घरातले. त्या बदल्यात तिने कधी एक डॉलर घेतला नाही. रविवारी चर्च सुटल्यावर ती ट्विलाकडे जेवायला यायची, तेवढंच. आमच्याकडे जेवणाआधीची प्रार्थना पानावरच्या सगळ्यांत वडील बाईने म्हणायची असते, त्यामुळे ट्विलाच्या टेबलावर ती मिस ओलीटाची.

ती सुरू व्हायची दोनदा घसा खाकरून. मग, “आता ऐक, प्रभू. तुला ठाऊक आहेच, तरी सांगते.” आणि मग ती देवाला आठवडाभराच्या बातम्या द्यायची. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कुणाचा ट्रॅक्टर बंद पडला, पाऊस कुठे पडला आणि कुठे पडायला हवा होता. बहिऱ्या दुकानदाराला सामान सांगावं तसं एकेक, सावकाश. इकडे भाजलेल्या मांसाची वाफ विरून जायची, आणि ग्रेव्हीवर अशी साय धरायची की चमच्याने फोडावी लागे. प्रार्थना संपायच्या आतच ती ग्रेव्ही परत गरम करायला ट्विला उठायची, आणि कित्येकदा स्वयंपाकघरात उभी राहून, डाव हातात घेऊन, दोनदा खाकरून म्हणायची, “तुला ठाऊक आहेच, प्रभू, तरी सांगते, ही ग्रेव्ही गेली.” छोटा केड तिच्यामागे पळत यायचा आणि तोंडावर हात दाबून हसायचा. शाळेत जायच्या वयाचा झाला तोवर त्याला ती नक्कल आईपेक्षा बरी जमू लागली होती.

हाच केड पुढे आमच्या शाळेच्या फुटबॉल संघाचा क्वार्टरबॅक झाला. शुक्रवारी संध्याकाळी अख्खं गाव मैदानावर असतं, आणि मैदानावरचा चेंडू आधी त्याच्या हातात येतो. त्या वयात माणसाला याहून मोठं काय मिळायचं बाकी असतं कोण जाणे. मग विद्यापीठ. मग गेल्या वर्षी उत्तरेकडच्या एका मोठ्या शहरातल्या व्यावसायिक संघाने त्याला निवडलं, तेव्हा आम्ही सगळे शाळेच्या जिममध्ये मोठ्या पडद्यासमोर बसलो होतो. गावाच्या वेशीवर पाटी लागली: ‘केड हारगिसचं गाव’. बँकेने भिंतीवर त्याचं चित्र काढून घेतलं. ट्विलाने पार्लरच्या खिडकीत त्याची जर्सी टांगली आणि ती उन्हाने विटायला लागली की नवी आणून टांगायची.

पहिलंच वर्ष, आणि संघ हरत होता. तरी केडचे फोटो येत ते मैदानावरचे कमी आणि पार्ट्यांतले जास्त. कुणाच्या बोटीवर, कुणाच्या गच्चीवर, गळ्यात साखळी, दोन्ही बाजूंना मुली. सोमवारच्या सरावाला तो उशिरा पोचला असं टीव्हीवरचे लोक सांगायचे, आणि मग त्यावर तासभर बोलायचे. कॉफीच्या दुकानात बसणारे म्हातारे म्हणायचे, पोरगं आहे, पैसा आला, चार दिवस उडेल. ट्विलाही तसंच म्हणायची. खिडकीतली जर्सी तिने काढली नाही.

मग तो व्हिडिओ आला.

एका हॉटेलच्या गच्चीवरचा. केड उघडाबंब, टेबलावर उभा, हातात शॅम्पेनची बाटली. खालून कुणीतरी ओरडतं, तुझ्या गावाकडचं काहीतरी कर. तो बाटली छातीशी धरतो, डोळे मिटतो, दोनदा खाकरतो. “आता ऐक, प्रभू. तुला ठाऊक आहेच, तरी सांगते.” आणि मग म्हाताऱ्या बाईच्या कापऱ्या आवाजात त्या मुलींची, त्या दारूची, त्या रात्रीच्या बेतांची यादी, सावकाश, एकेक. शेवटी सगळी गच्ची एका सुरात आमेन म्हणते.

त्या आठवड्यात संघ फार वाईट हरला. आणि परक्या मैदानावर केड चेंडूसकट आडवा झाला की हजारो लोक एकदम खाकरू लागले. ते वाक्य शर्टावर छापून आलं. आमच्याच शाळेतली पोरं फळ्यावर लिहू लागली.

गावात सगळ्यांना वाटलं, पोराने आईची नक्कल केली. त्या घरात बाई एकच, आणि रविवारी तिथे प्रार्थना कोण म्हणतं हे बाहेर कुणाला माहीत असणार? चर्चच्या हॉलमधल्या जेवणांना प्रार्थना म्हणायची मिसेस टॅकेट. गावातली सगळ्यांत वडील तीच होती, आणि तिला भूक सोसत नसल्यामुळे तिची प्रार्थना एका श्वासात संपायची. मिस ओलीटाची प्रार्थना ट्विलाच्या टेबलापलीकडे कुणी ऐकलीच नव्हती.

म्हणून आम्ही आमच्या रीतीप्रमाणे केलं. कुणाकडे माणूस गेलं की आम्ही काचेच्या भांड्यात काहीतरी रांधून त्यांच्या दारात ठेवतो, भांड्याच्या बुडाला आपल्या नावाची चिकटपट्टी लावून. हारगिसांच्या घरात कुणी वारलं नव्हतं. पण सकाळी ट्विलाने दार उघडलं तर पायरीवर भांड्यांची रांग होती. चिकन-नूडल, बटाटे-चीज, वाटाण्याचं काहीतरी. एक माझंही होतं. जाताना तिच्या दारासमोर आम्ही गाडीचा वेग कमी करायचो, अंत्ययात्रेला करतात तसा, आणि हात हलवायचो. पार्लरमध्ये मार्ला डॉयल, पाद्र्यांची बायको, तिचा हात धरून म्हणाली, “आपल्या पोटच्या पोराने आपली अशी थट्टा करावी, ट्विला, मला कल्पनाच करवत नाही.”

ट्विला म्हणाली, “हो ना. माझीच केली त्याने.”

हे तिने नंतर प्रत्येकीला सांगितलं. विचारलं नाही त्यांनाही सांगितलं. त्यात तिची काय धडपड होती ते तेव्हा आम्हाला कळलं नाही. गावाने तिची कीव केली तर चालणार होतं, पोराला संस्कार नाहीत म्हटलं तरी चालणार होतं. तो आवाज कुणाचा ते फक्त मिस ओलीटाला कळायला नको होतं. मिस ओलीटाकडे इंटरनेट नव्हतं, टीव्हीवर ती फक्त हवामान बघायची. पायरीवरच्या त्या रांगेत तिचंही भांडं होतं. निळ्या फुलांचं, त्यात पीच भाजलेले, केडला आवडतात तसे वर साखर करपवलेले.

ट्विलाने केडला फोन केला तेव्हा आधी ती नुसतीच ओरडली. मग विचारलं, दुसरं काही सुचलं नाही का तुला?

“ते म्हणाले गावाकडचं काहीतरी कर,” केड म्हणाला. “मला दुसरं काय येतं, ममा? तू करायचीस तेव्हा सगळे हसायचे.”

ट्विलाने रॉइसच्या हातात फोन दिला. रॉइसने पोराला तिकडच्या थंडीबद्दल विचारलं आणि ठेवून दिला.

ऑक्टोबरमध्ये आमच्या शाळेचा जुन्या विद्यार्थ्यांचा आठवडा असतो. केडचा जर्सी नंबर त्या शुक्रवारी शाळेने कायमचा राखून ठेवायचा, पुन्हा कुणाला द्यायचा नाही, हे उन्हाळ्यातच ठरलं होतं. आता शाळेच्या संघासाठी पैसे जमवणाऱ्या बूस्टर क्लबमध्ये वाद झाला. काहींना वेशीवरची पाटीसुद्धा काढायची होती. शेवटी ठरलं की गुरुवारी चर्चच्या हॉलमधल्या जेवणाला त्याने यावं, माणसांना तोंड दाखवावं, मग बघू. त्याच्या संघाला तो आठवडा सुट्टीचा होता. संघालाही हे फार आवडलं. त्यांनी एक मुलगी पाठवली, ब्रिनली नावाची, खेळाडूंची नावं चांगली राखणं हे तिचं काम. आणि तिच्याबरोबर एक फोटोग्राफर. ती ट्विलाच्या पार्लरमध्ये येऊन दुसऱ्या खुर्चीवर बसली आणि म्हणाली की आम्हाला काही ओढूनताणून नकोय. साधं, घरगुती. केडने मान खाली घातलीय आणि गावातली एखादी आजी प्रार्थना म्हणतेय, इतकंच.

“गावातली सगळ्यांत वडील बाई म्हणते ना प्रार्थना?” तिने विचारलं. “कोण आहे ती?”

मिसेस टॅकेट वसंतात वारली होती, आणि त्यानंतर हॉलमध्ये जेवण झालं नव्हतं. तिच्यानंतर वयाने कोण, ते ट्विलाला त्या क्षणी आठवलं. तिच्या हातातला रोलर सुटून माझ्या मांडीवर पडला. त्या दिवशी खुर्चीत मी होते.

तिने काय काय करून पाहिलं. ब्रदर डॉयलना जाऊन सांगितलं की एवढा मोठा प्रसंग, प्रार्थना तुम्हीच म्हणा. ते म्हणाले, ट्विला, त्या हॉलमध्ये पाद्री असताना माझ्या वडिलांचीसुद्धा ती हिंमत झाली नव्हती. मार्लाला म्हणाली, मिस ओलीटाला इतका वेळ उभं राहवत नाही. मार्ला म्हणाली, मग बसून म्हणू दे. शेवटी बुधवारी मिस ओलीटा केस करायला आली. ट्विलाने तिचं डोकं बेसिनमध्ये टेकवलं, कोमट पाणी सोडलं आणि म्हणाली की हल्ली तुमचा घसा फार खरखरतोय, उद्याचं राहू द्या, कॅमेरा वगैरे असणार, उगाच त्रास.

“घसा माझा लग्नाच्या दिवशीही असाच होता,” मिस ओलीटा डोळे मिटून म्हणाली. “आणि पोरगं माझ्या हाताखालचं आहे. त्याच्यासाठी नाही बोलायचं तर कुणासाठी?”

ट्विला बराच वेळ साबण धूत राहिली. तेव्हा सांगता आलं असतं. डोकं तिच्या हातात होतं, डोळे मिटलेले होते, पार्लरमध्ये तिसरं कुणी नव्हतं. तिने टॉवेल घेतला आणि पाणी जास्त गरम तर नव्हतं ना, असं विचारलं.

गुरुवारी हॉल भरला होता. लांब टेबलं, कागदी आच्छादनं, मागच्या बाजूला शाळेच्या संघातली पोरं एका टेबलावर. केड आला तेव्हा सगळे उभे राहिले, पण टाळ्या वाजायला जरा वेळ लागला. त्याने बटणं लावलेला पांढरा शर्ट घातला होता. ब्रिनलीने घालायला लावला असणार. तो मिस ओलीटापाशी गेला, वाकला, आणि तिने त्याच्या गालावर हात ठेवून विचारलं की तू वाळलास का रे. ब्रिनलीने त्याला तिच्याच शेजारी बसवलं. फोटोग्राफर गुडघ्यावर बसला.

ट्विला ग्रेव्हीचं भांडं घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. मिस ओलीटा टेबलाला धरून उठली. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

ती दोनदा खाकरली.

मला आठवतं, माझ्या शेजारच्या बाईने डोळे उघडले. मीही उघडले होते.

“आता ऐक, प्रभू,” मिस ओलीटा म्हणाली. “तुला ठाऊक आहेच, तरी सांगते.”

मागच्या टेबलावरून एक हसू फुटलं, नाकातून, दाबलेलं. मग दुसरं. मग कुणाच्या तरी आईने त्या टेबलाकडे असं पाहिलं की ते थांबलं. आता हॉलभर एकेका माणसाच्या लक्षात येत होतं की गच्चीवर केडने कुणाचा आवाज काढला होता, आणि ते चेहऱ्यांवर दिसत होतं. केडची मान खाली होती, पण कानांपासून मानेपर्यंत तो लाल झाला होता. फोटोग्राफरचा कॅमेरा टिकटिक करत होता. मान खाली घातलेलं पोरगं, शेजारी म्हातारी. नेमका हवा होता तसा फोटो.

मिस ओलीटा थांबली नाही. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ते तिने देवाला सांगितलं. मग तिने संघातल्या पोरांची नावं घेतली, एकेक, हसलेल्या पोराचंही. कुणाचा खांदा दुखतोय, कुणाच्या बापाचं काम सुटलंय. आणि शेवटी, “आणि केड. तिकडे रविवारी त्याला जेवायला कुणी नाही, प्रभू. तेवढं बघ.” मग आमेन.

प्रार्थनेचा हा शेवट ट्विलाने इतक्या वर्षांत कधी ऐकला नव्हता. तोवर ती नेहमी ग्रेव्ही गरम करायला उठलेली असायची.

जेवण झालं. कुणी कुणाकडे फार पाहिलं नाही. केड उठून म्हाताऱ्यांशी हात मिळवत फिरला, त्यांनी मिळवले. मी भांडी आवरायला स्वयंपाकघरात गेले. ट्विला बेसिनपाशी मिस ओलीटाचं निळ्या फुलांचं भांडं घासत होती. तिला ते आजच परत द्यायचं होतं आणि घरून येताना ते घासायला सुचलंच नव्हतं. मिस ओलीटा काठी टेकत आत आली आणि स्टुलावर बसली. मी बाहेर जायला हवं होतं. गेले नाही.

“मिस ओलीटा,” ट्विला पाठमोरीच म्हणाली, “ते त्याने माझ्याकडून उचललं. त्याचा दोष नाही.”

“मला माहीत आहे, पोरी.”

“कुणी सांगितलं?”

“कोण सांगणार? तो पहिलीत होता. आमेन म्हणून मी हात धुवायला उठले, आणि तू अजून डाव घेऊन उभी होतीस.” मिस ओलीटाने काठी गुडघ्यांमध्ये धरली. “खाकरणं अगदी माझं काढायचीस. मला क्षणभर वाटलं, मीच आत आहे.”

ट्विलाने नळ बंद केला. तिचे हात भांड्यात तसेच होते.

“मग तुम्ही बोलला का नाहीत? इतकी वर्षं.”

मिस ओलीटा रागावलेली नव्हती. आठवून नीट उत्तर द्यावं तशी ती म्हणाली, “बोलले असते, तर तुला लाज वाटली असती. आणि लाज वाटली की माणूस बोलवायचं बंद करतं. रविवारी मी जायचं कुठे?”

ट्विलाने भांडं पुसलं आणि पुसतच राहिली. भांडं रिकामं परत देऊ नये अशी आमची रीत आहे, आणि त्यात घालायला तिच्याकडे काही नव्हतं. मिस ओलीटाने ते तिच्या हातातून घेतलं, बुडाची आपल्या नावाची पट्टी नखाने जरा दाबून बसवली आणि म्हणाली की मला कुणीतरी घरी सोडा, थंडी पडायला लागलीय. केडने सोडलं. गाडीत ती दोघं काय बोलली ते कुणालाच माहीत नाही. तो परत आला तेव्हा त्याचे डोळे सुजलेले होते, आणि ब्रिनली म्हणाली की आता फोटो नकोत.

शुक्रवारी जर्सीचा कार्यक्रम झाला. तो फोटो देशभर गेला. संस्कार, गाव, आजीची प्रार्थना, असं खाली लिहून. लोकांनी केडला माफ केलं. निदान पुढच्या सामन्यापर्यंत. आमच्या बँकेने तो फोटो मोठा करून काउंटरमागे लावला आहे. ट्विला पैसे भरायला आता गाडीतूनच खिडकीशी जाते, आत जात नाही. पार्लरच्या खिडकीतली जर्सी तिने काढली. मी विचारलं तर म्हणाली, ऊन फार येतं. नकलाही ती आता करत नाही. टोपीखाली बसलेली एखादी बाई कधी म्हणते, ट्विला, शेरीफचं करून दाखव ना. ट्विला म्हणते, मान हलवू नकोस, रोलर निसटेल.

त्यानंतरच्या रविवारी तिने मला आणि माझ्या नवऱ्यालाही जेवायला बोलावलं. बहुधा तिला टेबलावर दोन माणसं जास्त हवी होती. केड तिकडे परत गेला होता. बाराच्या सुमाराला रॉइस दारात जाऊन गल्लीकडे बघू लागला, ट्विला मात्र स्वयंपाकघरातून बाहेरच येईना. मग काठीचा आवाज आला. मिस ओलीटा आली, नेहमीचा राखी कोट, नेहमीची खुर्ची.

ट्विलाने सगळं मांडलं. भाजलेलं मांस, बटाटे, पाव, फरसबी. ग्रेव्हीचं भांडं मधोमध ठेवलं आणि या वेळी ती स्वतःही बसली, हात मांडीवर घेऊन, उठायचं नाही असं ठरवून बसावं तशी.

“मिस ओलीटा,” ती म्हणाली, “म्हणा ना.”

मिस ओलीटाने मान खाली घातली. खाकरली नाही.

“प्रभू, या अन्नाबद्दल तुझे आभार. आमेन.”

आम्ही डोळे उघडले. रॉइसने पावाकडे हात नेला आणि तो तसाच थांबला, कारण ट्विला अजून मान खाली घालून बसली होती, पुढचं ऐकायला मिळेल म्हणून. मिस ओलीटाने रुमाल मांडीवर पसरला आणि ग्रेव्ही आपल्याकडे सरकवली. तिच्यावर सायीचा पापुद्राही नव्हता. ती इतकी कढत होती की तिच्या वाफेने मिस ओलीटाचा चष्मा भरून गेला.